पंख्याची तिसरी तार

लेकीने हेडफोन गळ्यात ओढला आणि ती आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. चेहरा रडवेला झाला होता.

"बाबा, आज फोनवर तिसऱ्या गिऱ्हाइकाने विचारलं. मॅडम, तुम्ही विमानतळावरून बोलताय का?"

"मग सांगायचं ना, हो म्हणून," भिंतीला टेकून बसलेला जावई म्हणाला. "तेवढाच आपला रुबाब."

"तू गप्प बस रे. साहेबांनी दोनदा ताकीद दिलीय. पुढच्या वेळी म्हणतील, बसा घरी."

"घरीच तर बसलीयेस," जावई म्हणाला. पण सासऱ्यांनी, म्हणजे मास्तरांनी, मान वर करून पाहिलं तसा त्याने विनोद आवरता घेतला.

मास्तर जमिनीवर मांडी घालून बसले होते. त्यांच्यासमोर लाकडी पट्ट्यांचा एक सांगाडा होता. त्यावर आठ ग्राफिक्स कार्डं ओळीने टांगलेली, आणि खाली पत्र्याचे चार लांबट डबे. कार्डं अहोरात्र आकडेमोड करून कुठल्या तरी अदृश्य नाण्यांचे तुकडे कमवत होती, आणि त्यांना वीज पुरवता पुरवता त्या चार डब्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. दार लावलं, दाराला गोधडी लावली, तरी त्यांच्या आतल्या पंख्यांची किंचाळी बाहेरच्या खोलीत पोचतच होती. हे डबे मास्तरांनीच करून दिले होते. म्हणून तर लेक नवऱ्याशी न भांडता बापाशी भांडत होती.

मास्तर कुठल्या शाळेत शिकवायला गेले नव्हते. एका मोठ्या कंपनीच्या सर्व्हरच्या खोलीत ते सव्वीस वर्षं नोकरीला होते. काम एकच. प्रत्येक सर्व्हरला वीज पुरवणारे असले दोन डबे, पॉवर सप्लाय, असत. एक गेला की दुसरा मुकाट्याने सगळा भार उचलायचा आणि बाहेर कुणाला पत्ताही लागायचा नाही. मग मास्तरांनी यायचं, मेलेला ओढून काढायचा, नवा सरकवायचा. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एकही यंत्र बंद पडलं नाही, त्यामुळे वरच्या मजल्यावर त्यांचं नावही कुणाला ठाऊक झालं नाही. खोलीत नवीन येणाऱ्या पोरांना ते समोर उभं करून समजावायचे, म्हणून पोरांनी त्यांना मास्तर केलं. पहिला धडा ठरलेला असायचा. पंख्याला हात लावायचा नाही. पंखा ओरडतोय तोवर सप्लाय जिवंत आहे.

पुढे कंपनीने सगळी यंत्रं दुसरीकडे हलवली, जुनी भंगारात काढली आणि मास्तरांच्या हातात एक घड्याळ ठेवलं. बायको त्याच्या वर्षभर आधीच गेलेली. रिकाम्या घरात दिवस खायला उठायचा. एकदा भंगारवाल्याच्या दुकानासमोरून जाताना त्यांना आपलेच सप्लाय किलोवर विकायला पडलेले दिसले. मास्तरांना ते पाहवेना. चार उचलून घरी आणले.

आणि मग कळलं की या वस्तूला मागणी आहे! मायनिंग करणाऱ्यांची, म्हणजे ती अदृश्य नाणी कमवणाऱ्यांची कार्डं वीज पितात म्हणजे किती पितात! साधा कॉम्प्युटरचा सप्लाय त्यांच्यापुढे महिन्याभरात मान टाकतो. सर्व्हरचा दहा वर्षं ढिम्म हलत नाही. अडचण एवढीच, की हा सप्लाय सर्व्हरच्या बाहेर काढला की आपण होऊन सुरूच होत नाही. त्याच्या मागच्या दोन बारीक टोकांमध्ये तार जोडावी लागते, मग त्याला वाटतं आपण अजून सर्व्हरमध्येच आहोत. मास्तर ती तार जोडत, मागे जाड वायरींसाठी सॉकेटची पट्टी बसवत, अर्धा दिवस भार टाकून तपासत, आणि मगच देत. निवृत्तीनंतर माणसाच्या हाताला काम आणि तोंडाला बोलायला माणसं मिळाली. गल्लीत त्यांचा भाव वधारला.

जावयाचं मोबाइलचं दुकान बसल्यावर त्याने हा सांगाडा उभा केला, तेव्हा मास्तरांनी निवडून निवडून चार सप्लाय दिले होते. लेकीला देतात तसे.

"हे माझ्याकडे हलवावं म्हटलं असतं," मास्तर म्हणाले, "पण माझ्या खोलीचं मीटर एवढा भार घेणार नाही. मालक दुसरी लाइन ओढू देत नाही."

"हलवू नका. आवाज कमी करा," लेक म्हणाली. "बाबा, तुम्हाला सगळं येतं."

हे वाक्य ती पाच वर्षांची होती तेव्हापासून वापरत आली होती, आणि ते एकदाही वाया गेलं नव्हतं.

"हा पंखा ओरडायलाच हवा, ठकू."

"मग मी नोकरी सोडते. ते आकडे मोजत बसतील, मी त्यांचं तोंड बघत बसते."

मास्तरांनी चारही डबे पिशवीत घालून घरी आणले.

युक्ती त्यांना ठाऊक होती. ठाऊक नसती तर बरं झालं असतं, असं पुढे त्यांना अनेकदा वाटलं. पंख्याला मुख्य तारा तीन. दोन विजेच्या. तिसरी खबर देणारी. मी फिरतोय, इतक्या वेगाने फिरतोय, हे ती सतत सप्लायला कळवत असते. खबर थांबली की सप्लाय क्षणात स्वतःला बंद करून घेतो. म्हणून नुसता पंखा बदलून भागत नाही. मास्तरांनी वरचा पत्रा कापला, तळहाताएवढा संथ पंखा बसवला, आणि तिसऱ्या तारेच्या जागी नखाएवढी एक चकती चिकटवली. ती चकती कायम एकच खबर देत राही, की सगळं ठीक आहे, मी पूर्ण वेगाने फिरतोय.

संध्याकाळी सांगाडा सुरू केला. लेक बाहेरच्या खोलीतून धावत आली. "बंद पडलं?"

"चालू आहे," मास्तर म्हणाले.

तिने वाकून कान लावला. मग उठून बापाच्या गळ्यात पडली. जावयाने चहा टाकला. त्या घरात कित्येक महिन्यांनी कुणी कुणाशी न ओरडता बोललं. मास्तरांना फार बरं वाटलं, अगदी खोटं कशाला सांगायचं. सव्वीस वर्षांत त्यांच्या कामाने कुणी त्यांच्या गळ्यात पडलं नव्हतं.

उन्हाळा आला तसे सप्लाय दुपारी बंद पडू लागले. आत उष्णता मोजणारा एक मणी असतो. संथ पंख्याची हवा त्याला पुरेना, तो तापला की सप्लाय दम खायला थांबे. दिवसातून चार चार वेळा जावई सगळं नव्याने सुरू करी आणि मास्तरांना फोन लावी. एक आठवडा मास्तरांनी टाळाटाळ केली. मग एका दुपारी जाऊन त्यांनी तो मणी काढला आणि त्या जागी, कितीही तापलं तरी थंडच आहे सांगणारा एक साधा रेझिस्टर लावला. पहिलं खोटं पचावं म्हणून हे दुसरं. जावई शेजारी बसून पाहत होता. बारीकसारीक विचारत होता. एरवी फारसं न बोलणारा जावई आपल्या विद्येत रस घेतोय, या आनंदात मास्तरांनी त्याला दोन्ही गोष्टी हातात देऊन समजावल्या. मास्तरच ते, राहवतं कसं!

मुक्या सप्लायची बातमी पसरायला वेळ लागला नाही. पहिला आला कोपऱ्यावरचा सलूनवाला. त्याने दुकानाच्या मागच्या अंगाला, पडद्याआड, चार कार्डांचा सांगाडा ठेवला होता. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की पडद्यामागून किंचाळी, आणि वस्तरा गळ्यावर!

"मास्तर, काल एक जण अर्ध्या दाढीने उठून गेला. म्हणे आधी आत काय कापताय ते सांगा."

मास्तर खूप हसले. त्यांनी त्यालाही दोन मुके सप्लाय करून दिले, दोन्ही युक्त्यांसकट. सलूनवाला खूश. सांगाड्याच्या वरच्या दांडीवर तो ओले टॉवेल टाकू लागला, तासाभरात खडखडीत वाळत. मास्तर दर पंधरवड्याला त्याच्याकडेच दाढीला जात. पडद्याआड डोकावून, सगळं शांत आहे ना, एवढं बघत. शांत आहे म्हणजे ठीक आहे, असं उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटू लागलं होतं.

पाऊण वर्ष असं गेलं. मग एका सकाळी, दुकानात गिऱ्हाईक असताना, सलूनच्या पडद्यामागून धूर आला.

माणसं वाचली. दुकानही बरंचसं वाचलं. सलूनवाल्याने पेटलेले टॉवेल हाताने ओढून बाहेर फेकले, म्हणूनच वाचलं. पण वितळलेलं प्लास्टिक त्याच्या उजव्या पंजाला चिकटलं. मास्तर भेटायला गेले तेव्हा तो स्वतःच्याच दुकानात गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला होता. हाताला कोपरापर्यंत पांढरं गुंडाळलेलं. भिंत काळी झाली होती, आणि आरशात दोघं जण काळवंडलेले दिसत होते.

"या मास्तर. बसा. चहा सांगतो."

"डॉक्टर काय म्हणाले, भाऊ?"

"अंगठा आणि पहिलं बोट वाकणार नाही म्हणतात." त्याने डाव्या हाताने हवेत कात्री चालवून दाखवली. "आता याला शिकवतोय. पण हा लेकाचा शाळेतच गेला नाही कधी."

मास्तरांना हसू आलं नाही. सलूनवाल्याने बोटाने कोपरा दाखवला. "तुमचा डबा तिकडे ठेवलाय. शेजारच्या दुकानवाल्यांनी फेका म्हटलं. मी म्हटलं, मास्तरांची वस्तू आहे, त्यांना विचारून फेकू."

मास्तरांनी खाली बसून जळका डबा उघडला. संथ पंखा अर्धा वितळला होता, पण त्याचा मधला खांब शाबूत होता. त्यावर केस गुंडाळलेले होते. काळे, पांढरे, रंगवलेले, बारीक बारीक, रिळावर दोरा भरावा तसे घट्ट. त्या सर्व्हरच्या खोलीत हवा गाळून येत असे, तिथे माणूसही डोक्याला टोपी घालून जाई. सलूनमध्ये हवेत केस असतात, ही गोष्ट शेंबड्या पोराला कळली असती. मास्तरांना नाही कळली. केसांनी पंखा अडला. पंखा थांबला. आणि चकती सांगत राहिली, की मी पूर्ण वेगाने फिरतोय. ती चकती मात्र अजून जागेवर होती.

"भाऊ," मास्तर म्हणाले. "हे माझ्यामुळे झालं."

"काहीतरीच काय!"

"ऐका. पंखा थांबला की हा डबा आपण होऊन बंद होतो. तशीच त्याची बनावट आहे. मी ते काढून टाकलं. तो बंद व्हायला हवा होता, मी त्याला होऊ दिला नाही."

सलूनवाल्याने मान हलवली. "मास्तर, टॉवेल माझे होते. बायको रोज सांगायची, तिथे टाकू नका. मी गाढव. यंत्रातलं मला काय कळतंय? पण तुम्ही असं मनाला लावून घेऊ नका. चांगली माणसं अशीच सगळं स्वतःच्या अंगावर घेतात."

"तसं नाही हो, भाऊ. खरंच माझ्यामुळे..."

"एक काम करा माझं." सलूनवाला पुढे झुकला आणि हळू आवाजात बोलू लागला, कारण दारात त्याची बायको उभी होती. "दोन कार्डं वाचलीत, दुसरा डबा मात्र चालत नाही. हात तर गेला. निदान ते तरी चालू राहू दे. एक सप्लाय बनवून द्याल ना? तसाच हवा. मुका."

मास्तर उठले. त्यांना वाटलं, याने शिवी दिली असती, गचांडी धरली असती, तर आपल्याला जरा तरी उभं राहता आलं असतं. नाही म्हणायचं धाडस झालं नाही, हो म्हणवलं नाही. जळका डबा काखेत मारून ते तसेच लेकीकडे गेले.

लेक फोनवर कामात होती. तिने हाताने खूण केली, आत जा. जावई बाहेर गेला होता. मास्तरांनी सांगाडा बंद केला, चारही सप्लाय उघडले, आणि तिथेच जमिनीवर बसून उष्णतेचे मणी पुन्हा जागेवर जोडले. पंख्यांचं काही करता आलं नाही. जुने ओरडणारे पंखे त्यांनी केव्हाच भंगारवाल्याला परत दिले होते. चार वाजता त्यांनी सगळं सुरू केलं. साडेचारला पहिला सप्लाय तापून बंद झाला. पाचला दुसरा. बंद होणारा प्रत्येक डबा पाहून मास्तरांचा जीव थोडा थोडा भांड्यात पडत होता.

रात्री तिघं जेवायच्या टेबलाशी बसले तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. केसांचं, चकतीचं, अंगठ्याचं. जळका डबा टेबलावर ठेवला. लेकीने तो बघून तोंडावर हात धरला.

"पण बाबा, भाऊ स्वतःच म्हणाले ना, टॉवेल होते म्हणून?"

"टॉवेल नंतर पेटले. आधी डबा पेटला."

"आपल्याकडे टॉवेल नाहीत, केस नाहीत," जावई समजुतीच्या सुरात म्हणाला. "मी रोज ब्रशने साफ करतो. आणि बाबा, एक सांगू का? रागावू नका. सहाला आलो तेव्हा तुम्ही फेरफटका मारायला गेला होतात. मणी दिसले. मी काढले परत. रेझिस्टर लावले."

मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला.

"व्यवस्थित लावलेत," जावई घाईने म्हणाला. "तुमच्याकडूनच शिकलोय. सोल्डरचे डाग बघा हवं तर, एकही कोरडा नाही." आणि मग थोडा लाजत, वर्षभरात पहिल्यांदाच ताठ बसत, त्याने सांगितलं, "आता लोक मला विचारायला लागलेत. या महिन्यात अकरा मुके करून दिले. तुम्हाला सांगणारच होतो. दुकानासाठी जागाही बघतोय."

"अकरा?" मास्तर म्हणाले. "कुणाकुणाला?"

"नावं कुठे विचारतो आपण? एक बेकरीवाला होता. एक पलीकडच्या शहरातला. तो पुढे विकतो म्हणाला."

"ते परत आण."

"कसे आणू, बाबा?"

बेकरीत पीठ उडतं, एवढंच मास्तरांच्या मनात आलं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. निदान ती तरी काही बोलेल. लेक नवऱ्याकडे पाहत होती. तो ताठ बसला होता, आणि तिला तो असा बसलेला किती दिवसांनी दिसत होता, ते तिच्या डोळ्यांत मास्तरांना वाचता आलं.

"बाबा, आता कुठे जरा बरं चाललंय हो," ती म्हणाली. "मला तिसरी ताकीद आली नाही. हा कामाला लागलाय. आता परत तो आवाज नको. काळजी आम्ही घेऊ ना."

मास्तरांनी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते कुणी विचारलं नाही.

सलूनवाल्याला त्यांनी सप्लाय करून दिला नाही. आठवड्याने दाढीला गेले तेव्हा पडद्याआड एक नवा, मुका डबा संथ पंखा फिरवत बसला होता. डागांची पद्धत मास्तरांनी लगेच ओळखली; त्यांचीच होती. "तुमच्या जावयाने दिला," सलूनवाला कौतुकाने म्हणाला. "गुणी पोरगा आहे. पैसे घेताना तीनदा नको म्हणाला." डाव्या हाताने त्याने मास्तरांच्या गालाला साबण लावला. दाढी मात्र त्याच्या बायकोने केली. तिचा हात अजून बसला नव्हता. दोन ठिकाणी कापलं, आणि दोन्ही वेळा मास्तरांनीच तिची माफी मागितली.

तेव्हापासून मास्तरांचा दिवस ठरून गेला आहे. सकाळी ते सलूनमध्ये जातात. खिशातून बारीक चिमटा आणि ब्रश काढतात, पडद्याआड जाऊन पंख्याच्या खांबावरचे केस एकेक करून उपटतात. सलूनवाल्याला वाटतं, म्हाताऱ्याला करमत नाही. बेकरी त्यांनी शोधून काढली, पण बेकरीवाल्याने आत येऊ दिलं नाही; पाहिजे ते इथेच काउंटरवर मागा म्हणाला. मास्तर दोन पाव घेऊन परत आले. बाकीच्या दहांचा पत्ता लागला नाही.

दुपारी, उन्हं तापली की ते लेकीकडे येतात. लेक हेडफोन लावून बसलेली असते. ती हसून मान हलवते. मास्तर चप्पल काढतात, पाऊल न वाजवता आत जातात आणि सांगाड्यासमोरच्या स्टुलावर बसतात. डबे शांतपणे चालू असतात. त्या शांततेत कोणता ठीक आहे आणि कोणता नाही, ते कानाला कळत नाही. म्हणून ते तळहात पुढे करतात आणि पहिल्या डब्यावर ठेवतात, तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. थोडा वेळ थांबतात. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. चौथा झाला की पुन्हा पहिल्यावर येतात. चार ते पाच या वेळात पत्रा इतका तापतो की हात फार वेळ टेकवत नाही. तरी ते टेकवतात.

भिंतीपलीकडे फोन वाजतो. घर इतकं शांत असतं, की लेकीचा शब्दन् शब्द आत ऐकू येतो. तिचा आवाज गोड आहे, आईसारखा.

"नमस्कार," ती कुणा परक्या माणसाला म्हणते, "मी आपली काय मदत करू शकते?"

मास्तर हात उचलतात आणि पुढच्या डब्यावर ठेवतात.